मुळशीची होडी आणि जहाजांचं प्रगतिपुस्तक

मित्रांनो, मुळशीच्या तलावात कागदाची होडी सोडली, तर ती कोणत्या समुद्राला जाऊन मिळेल?

हसू नका. हा प्रश्न माझा नाही, माझ्या भाच्याचा आहे. तो पाचवीत शिकतो आणि दिवसाला साधारण साठ प्रश्न विचारतो. त्याची ताई आठवीत आहे. ती प्रश्न विचारत नाही, मी दिलेल्या उत्तरातल्या चुका काढते. दिवाळीच्या सुट्टीत या दोघांना घेऊन मी पुण्याहून निघालो. पिरंगुट गेलं, पौड गेलं आणि डोंगरांच्या कुशीत पसरलेला मुळशीचा तलाव दिसायला लागला. पाऊस नुकता संपलेला. तलाव काठोकाठ भरलेला, डोंगर अजून हिरवे आणि वाऱ्याला गवताचा वास. भाच्याने वहीचं पान फाडलं, होडी केली, पाण्यावर सोडली आणि वरचा प्रश्न टाकला.

मी भूगोलाच्या पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. "ही मुळा नदी. ती पुण्यात मुठेला मिळते. मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुझी होडी आंध्र प्रदेशात जाऊन समुद्राला लागेल."

जवळच एक आजोबा म्हशी चारत होते. ते काठीवर हनुवटी टेकवून सगळं ऐकत होते. म्हणाले, "न्हाय वो. हितलं पानी कोकनात जातंय."

भाचीने माझ्याकडे अशी नजर टाकली, की विचारू नका!

आजोबांचंच खरं होतं. मुळशीचं धरण टाटांनी वीज तयार करण्यासाठी बांधलं. धरणामागचं पाणी पश्चिमेला बोगद्यातून आणि मोठमोठ्या नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली सुमारे ५०० मीटर खोल सोडतात. तिथे भिरा नावाचं गाव आहे. त्या पाण्याच्या जोरावर भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालतं. वीज करून झाली, की ते पाणी कुंडलिका नदीत जातं. कुंडलिका कोलाड आणि रोह्यावरून वाहत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. निसर्गाने पूर्वेला पाठवलेलं पाणी माणसाने असं पश्चिमेला वळवलं. पावसाळ्यात धरण भरून दारं उघडली, तर मात्र थोडं पाणी अजूनही आपल्या जुन्या वाटेने पुण्याकडे येतं.

हे धरण सुखासुखी झालं नाही, बरं का. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्यात जायच्या होत्या. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं होती ती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि याच लढ्यामुळे लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. धरणाविरुद्ध झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये मुळशीचं नाव घेतात. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली. ते आजोबा तलावाकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचं जुनं गाव त्या तितं हाय." आणि पुन्हा म्हशींकडे वळले.

भाचा होडीकडे बघत होता. ती पाच मिनिटांत भिजून लोळागोळा झाली होती. पण प्रश्न बुडला नव्हता. "मामा, आपण होडीच्या मागोमाग जायचं का? रेवदंड्यापर्यंत?"

रेवदंड्याला माझा कॉलेजातला एक मित्र राहतो. पंचवीस वर्षं त्याने रसायनं वाहून नेणाऱ्या टँकर जहाजांवर नोकरी केली आणि आता नारळी-पोफळीच्या वाडीत खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसतो. म्हटलं, चला.

ताम्हिणी घाट तुम्ही पावसाळ्यात पाहिला असेल. धबधब्याखाली भिजणारी माणसं आणि भाजलेली कणसं, अशी त्याची ओळख. आम्हाला मात्र तिथे एक वेगळीच गोष्ट भेटली. चहाच्या टपरीसमोर एक टँकर उभा होता. त्याच्या पाठीवर चौकटीत एक चित्र : नळीतून थेंब पडताहेत आणि खाली एका हाताला भोकं पडली आहेत. शेजारी एक आकडा, १८३०. भाचा चहाच्या टपरीपासून दहा पावलं मागे सरला.

"मामा, हा टँकर समुद्रात उलटला तर सगळे मासे मरतील ना?"

मी म्हटलं, "मरतीलच की. ॲसिड दिसतंय."

"आणि तो?" त्याने पलीकडचा दुसरा टँकर दाखवला. त्याच्यावर खाद्यतेलाचं चित्र होतं, कढईत तळलेल्या पुऱ्यांसकट.

"त्याने काय होणार? मासे तळून निघतील!" मी विनोद केला. हा विनोद मला पुढे चांगलाच महागात पडला.

घाट उतरून पाटणूसवरून आम्ही भिऱ्याला गेलो. वीजघर लांबूनच पाहिलं. कोलाडला कुंडलिकेवर रबरी तराफ्यांतून लोक ओरडत, भिजत चालले होते. गंमत म्हणजे त्यांची ही मजा वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. वीजघराने पाणी सोडलं, की नदी उसळते. म्हणजे मुळशीच्या ढगातून पडलेला थेंब आधी मुंबईचा दिवा लावतो आणि मग कोलाडला तराफा उडवतो. पुढे रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत लागली. तिथे रसायनांचे कारखाने आहेत. रस्त्यावर पुन्हा टँकर. भाचा आता प्रत्येक टँकरवरचा आकडा वहीत उतरवत होता. ताईने त्याला दोनदा स्पेलिंगवरून आणि एकदा अक्षरावरून टोकलं.

रोह्यानंतर नदी हळूहळू खाडी होते. पाणी मचूळ, मग खारं. काठावर खारफुटी, चिखलात खेकडे. साळावच्या पुलावर गाडी थांबवली. डावीकडे कोर्लईचा किल्ला समुद्रात पाय बुडवून बसलेला, उजवीकडे रेवदंडा आणि त्याला लागून चौल. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक-रोमन खलाशांनासुद्धा ठाऊक असलेलं हे बंदर. आणि दूर क्षितिजावर काडेपेटीएवढं एक जहाज.

"मामा, त्याच्यात काय असेल?"

मला माहीत नव्हतं.

मित्राच्या ओसरीवर बसल्याबरोबर भाच्याने वही उघडली. "काका, १८३० म्हणजे काय?"

"गंधकाम्ल. सल्फ्युरिक ॲसिड," मित्र वर न बघताच म्हणाला. तो सुपारी कातरत होता. "हे आकडे जगभर एकच असतात. ताम्हिणी घाटात १८३०, तर हॅम्बुर्गच्या बंदरातही १८३०. अपघात झाला तर मदतीला येणाऱ्याला भाषा न कळताही माल कळावा म्हणून."

मग भाच्याने माझी चहाडी केली. "मामा म्हणाला, ॲसिड समुद्रात सांडलं तर वाईट आणि खायचं तेल सांडलं तर काहीच नाही."

मित्राने सुपारीचा डबा बंद केला. "असं म्हणाला का मामा? ताई, आतून चार ग्लास आण. काचेचे."

यापुढचं तुम्हालाही घरी करून बघता येईल, फक्त आईला विचारून. समुद्राचं पाणी आणायला भाचा बादली घेऊन पळाला. (तुमच्याकडे समुद्र नसेल तर एक लिटर पाण्यात सात-आठ चमचे मीठ विरघळवा.) चारही ग्लास अर्धे भरले. पहिल्यात मित्राने खोबरेल तेल ओतलं. ते वर तरंगलं. दुसऱ्यात निळ्या शाईचे थेंब टाकले. शाई खाली उतरत, वेटोळी घेत सगळीकडे पसरली. तिसऱ्यात काकवी सोडली. ती सरळ तळाशी जाऊन बसली, जाड चादरीसारखी. चौथ्यात त्याने अत्तराचे दोन थेंब टाकले आणि आम्हाला नुसतं बसायला सांगितलं. थोड्या वेळाने ओसरीभर वास सुटला.

"हे चार स्वभाव," मित्र म्हणाला. "तरंगणारे, विरघळणारे, बुडणारे आणि उडून जाणारे. जहाजातून कुठलाही द्रवपदार्थ सांडला, की पहिला प्रश्न हाच. तो विषारी आहे का, हे नंतर. आधी, तो जाणार कुठे? तरंगला तर किनाऱ्याला आणि पक्ष्यांना गाठणार. बुडला तर तळाच्या शिंपल्या-खेकड्यांवर बसणार. विरघळला तर माशांच्या कल्ल्यांतून आत शिरणार. उडाला तर आमच्या नाकात."

काकवी का बुडते, ते भाचीने वजनावरून शोधून काढलं. समुद्राचं लिटरभर पाणी साधारण १ किलो २५ ग्रॅम भरतं. साखर कारखान्यातली मळी तेवढीच घेतली तर १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास. खायचं तेल मात्र ९२० ग्रॅमच्या जवळपास, म्हणून ते वर.

"पण काका, हे सगळं ठरवतं कोण?" भाचीचा पहिलाच प्रश्न होता तो दिवसभरातला.

तर ऐका. १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'टोरी कॅनियन' नावाचं तेलवाहू जहाज खडकावर आपटलं आणि हजारो टन खनिज तेल समुद्रात गेलं. जगाचे डोळे उघडले. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरनिराळ्या संस्थांनी मिळून शास्त्रज्ञांचा एक गट नेमला. त्याचं नाव गेसॅम्प. पुढे १९७३ मध्ये लंडनला जहाजांच्या प्रदूषणाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मार्पोल म्हणतात. आता तेलाचं ठीक आहे, पण जहाजं तर शेकडो तऱ्हेचे द्रव नेतात! ॲसिडं, मद्यार्क, रंगांचे द्रावक, कीटकनाशकं, तेलं, चरबी, मळी, अगदी सफरचंदाचा रसही. यातलं कोण किती वाईट? ते ठरवायला गेसॅम्पचा एक खास कार्यगट १९७४ पासून काम करतो आहे. तो प्रत्येक पदार्थाचं चक्क एक प्रगतिपुस्तक तयार करतो!

"आमच्यासारखं?" भाचा घाबरून म्हणाला.

"तुमच्यासारखंच. फक्त उलटं. इथे शून्य मार्क मिळवणारा पहिला."

या प्रगतिपुस्तकात पाच विषय असतात. पदार्थ जीवजंतूंच्या शरीरात साठून राहतो का आणि समुद्रातले सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडू शकतात का, हा पहिला. तो माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना किती विषारी, हा दुसरा. पोटात गेला, कातडीला लागला, श्वासातून गेला तर माणसाला काय होईल, हा तिसरा. कातडी, डोळे भाजतात का आणि पुढे मोठे आजार होतात का, हा चौथा. आणि पाचवा विषय मला सगळ्यात आवडला : समुद्राचा माणूस जो उपयोग करतो, त्यात हा पदार्थ किती आडवा येईल? तरंगेल की बुडेल? पोहायचे किनारे बंद करावे लागतील का? मित्राने ग्लासांत दाखवला तो याच विषयातला धडा.

दुसऱ्या विषयाचे मार्क कसे देतात, ते जरा सावकाश समजून घ्या. पाण्यात तो पदार्थ मिसळतात आणि त्यात मासे ठेवतात. चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत, निम्मे मासे मरायला किती पदार्थ लागला, ते मोजतात. लिटरला १ ग्रॅमहून जास्त लागला, तर मार्क शून्य. पुढे प्रत्येक पायरीला प्रमाण दहापट कमी होतं आणि मार्क एकाने वाढतो. सगळ्यात वाईट मार्क आहे सहा.

"सहा म्हणजे किती?" मी विचारलं.

भाचीनेच पेन्सिल घेतली. लिटरला १ मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. म्हणजे १ ग्रॅमला १ लाख लिटर पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव जातात ते १० हजार लिटरचे पाण्याचे टँकर आठवा. तसे दहा टँकर रांगेत उभे करा. त्या सगळ्यांत मिळून फक्त १ ग्रॅम! तेवढ्यानेही त्यातले निम्मे मासे जातील. १ ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ. भाचा बराच वेळ स्वतःच्या चिमटीकडे बघत होता.

ही सगळी प्रगतिपुस्तकं समोर ठेवून मार्पोल करारात पदार्थांचे वर्ग पाडतात. १९९० च्या दशकात ए, बी, सी, डी असे वर्ग होते. १ जानेवारी २००७ पासून एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत, शिवाय निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्यांचा चौथा, त्याला ओ.एस. म्हणतात. एक्स म्हणजे समुद्रात सोडायला पूर्ण बंदी. माल उतरवल्यावर टाकी बंदरातच धुवायची आणि ते धुवण बंदराच्या ताब्यात द्यायचं. घट्ट होणाऱ्या काही 'वाय' पदार्थांनाही हाच नियम लागतो. बाकीच्या वाय आणि झेड पदार्थांचं थोडं धुवण समुद्रात सोडता येतं, पण अटी आहेत. किनारा निदान १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर दूर हवा. पाणी निदान २५ मीटर खोल हवं. जहाज चालतं हवं, ताशी १३ किलोमीटरच्या खाली नाही, म्हणजे मागच्या पाण्यात सगळं घुसळून पातळ होईल. २००७ नंतर बांधलेल्या जहाजाच्या एका टाकीत आणि तिच्या नळ्यांत मिळून ७५ लिटरपेक्षा जास्त माल उरताच कामा नये. शेकडो टनांच्या टाकीत पाच-सहा कळश्या!

"आणि आपला किनारा उथळ," मित्र म्हणाला. "बारा मैल झाले म्हणून भागत नाही, खोली मोजावी लागते. मी रात्री दोन-दोन वाजता उठून मोजलीय."

"आता सांगा, गंधकाम्ल कुठल्या वर्गात?"

"एक्स!" आम्ही तिघेही ओरडलो.

"वाय. आणि पामतेल?"

आता सावध झालो होतो. कोणी बोलेना.

"तेही वाय."

मित्रांनो, मला हे पटेना. हाताला भोकं पाडणारं ॲसिड आणि पुऱ्या तळायचं तेल एका बाकावर? मग मित्राने समजावलं. गंधकाम्ल भयंकर आहेच. ज्याच्या अंगावर उडेल त्याचे हाल कुत्रा खाणार नाही, आणि सांडेल तिथले मासे मरतील. पण ते पाण्यात विरघळतं, समुद्राच्या अफाट पाण्यात आणि क्षारांत त्याचा जोर ओसरतो, आणि ते कुणाच्या शरीरात साठून राहत नाही. तेलाचं उलटं. ते माशाला विषारी नाही, पण ते जातच नाही! तरंगत राहतं, गार पाण्यात डालड्यासारखं गोठतं, पक्ष्यांच्या पिसांना चिकटतं आणि लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन कुजतं. २००७ च्या आधी खाद्यतेलं खालच्या 'डी' वर्गात बसत. शास्त्रज्ञांनी प्रगतिपुस्तकं नव्याने तपासली आणि त्यांना वर चढवलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हाँगकाँगजवळ दोन जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे एक हजार टन पामतेलाची घट्ट चरबी समुद्रात गेली. पांढऱ्या ढेकळांनी किनारे भरले. ऐन उन्हाळ्यात पोहायचे किनारे बंद ठेवावे लागले.

"आणि मळी?" भाच्याने तिसऱ्या ग्लासाकडे बोट दाखवलं. काकवी अजून तळाशी तशीच होती. "ती कुठल्या वर्गात?"

"ओ.एस. निरुपद्रवी."

"हुश्श!"

"थांब. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये हवाई बेटांवर होनोलुलूच्या बंदरात काय झालं ते ऐक. जहाजात मळी भरायची नळी फुटली. सुमारे १,४०० टन मळी पाण्यात गेली. ती आपल्या ग्लासासारखीच तळाशी जाऊन बसली. तिच्याखाली आणि तिच्यात सापडलेल्या जिवांना प्राणवायू मिळेना. २६ हजारांहून जास्त मासे आणि इतर जीव मेले. वर पाणी नेहमीसारखं. पाणबुड्यांनी खाली जाऊन पाहिलं, तर तळाशी काही जिवंत नव्हतं. आणि तेल जसं वरून गोळा करता येतं, तसं काही करणंही शक्य नव्हतं."

साखर कारखान्याजवळ राहणाऱ्या मुलांना यात नवल वाटणार नाही. मळी ओढ्यात गेली, की मासे वर येऊन तोंडं कशी उघडतात, ते त्यांच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

भाची चिडली. "मग प्रगतिपुस्तक चुकलं!"

"चुकलं नाही," मित्र म्हणाला. "मार्क पदार्थाला असतात. भर समुद्रात टाकीच्या धुवणातली मळी म्हणजे काहीच नाही, ती ओ.एस.च. पण बंद बंदरात, एकदम १,४०० टन? किती सांडलं, कुठे सांडलं, तिथे पाणी किती खोल, भरती की ओहोटी, मासे अंडी घालायला आलेत का, हे त्या कार्डावर कुठे लिहिलंय? ते सांडतं तिथल्या माणसाने बघायचं."

हे मात्र मला फार पटलं. माझ्यासारखे लोक चित्रातला भोकं पडलेला हात बघून घाबरतात आणि पुऱ्यांचं चित्र बघून निर्धास्त होतात. दोन्ही वेळा माहिती न करून घेताच.

इतक्यात शेजारच्या कोळीणमावशी सोड्याची पुडी द्यायला आल्या. गप्पांचा विषय कळल्यावर त्या उंबऱ्यावरच टेकल्या. "आम्हाला काय शिकवता? दोन हजार दहा साली बघितलंय नं!"

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली होती. चित्रावर १,२०० हून अधिक कंटेनर होते. जहाज कलंडलं आणि शेकडो कंटेनर समुद्रात घरंगळले. जहाजाचं सुमारे ८०० टन इंधन तेल सांडलं. काही कंटेनरांत कीटकनाशकं होती आणि काहींत साधी बिस्किटं. मुंबई आणि न्हावा शेवा या बंदरांतली वाहतूक काही दिवस थांबली. उरण-अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत काळं तेल आलं. मासे खाऊ नका, अशा सूचना निघाल्या.

"नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली," मावशी सांगत होत्या. "सगळा पावसाळा होड्या वर ओढलेल्या. घरात पैसा नाही. आणि आता मासळी आणली तरी घेतंय कोण? गिऱ्हाईक टोपली हुंगून बघायचं. मासळीला तेलाचा वास नव्हता, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यातून तो जाईना. कुठल्या डब्यात काय होतं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. बिस्किटाचे पुडे वाहून आले, पोरं उचलायला धावली. ते खायचे की नाही, कुणाला विचारायचं?"

हा मावशींचा प्रश्न पंधरा वर्षांनी पुन्हा उभा राहिला. २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्यासमोर 'एमएससी एल्सा ३' हे जहाज बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. त्यातल्या १२ कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं. पाणी लागलं, की त्यातून पेट घेणारा वायू निघतो. किनाऱ्यावर प्लास्टिकचे मोहरीएवढे, साबुदाण्याएवढे दाणे लाखांनी येऊन पडले. मच्छीमारांना बुडालेल्या जहाजापासून दूर राहायला सांगण्यात आलं. बुडालेल्या मालाची माहिती लोकांसमोर ठेवा, असं केरळच्या उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं. कंटेनरांतल्या मालाचे नियम टँकरच्या मालाहून वेगळे आहेत, पण यादी तर जहाजावर असतेच. कप्तानाकडे असते, बंदराकडे असते. ती कोळीवाड्यापर्यंत पोचायला इतका वेळ का लागावा, हे मला कळत नाही. मित्रालाही ते सांगता आलं नाही. तो नुसता समुद्राकडे बघत राहिला.

संध्याकाळी ओहोटी लागली. आम्ही वाळूत फिरायला गेलो. खाडीच्या तोंडाशी कुंडलिकेचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवट पाणी, दोन्ही वेगवेगळी दिसत होती. मधे फेसाची एक रेघ. मुळशीचा पाऊस इथे येऊन संपतो. भाच्याने वाकून त्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाखून पाहिलं. "थोडं खारट," तो म्हणाला. दुपारचं काडेपेटीएवढं जहाज आता उत्तरेकडे सरकलं होतं, त्यावर दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मुळशीला थांबलो. म्हशीवाले आजोबा तिथेच होते. "पोचली का होडी?" त्यांनी विचारलं.

भाच्याने त्यांना ग्लासांची, मळीची, मावशींची, सगळी गोष्ट सांगितली. आजोबांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "आन् जहाजावरल्या मानसांना ठावं असतं का, आपुन काय नेतुया ते?"

"असतं," भाचा म्हणाला. "कागदावर लिहिलेलं असतं."

मग त्याने वहीचं आणखी एक पान फाडलं. या वेळी घडी घालण्याआधी त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. होडी पाण्यावर सोडल्यावर मी वाकून वाचलं. एका बाजूला होतं : 'माल – काकवी. वर्ग – ओ.एस.' आणि दुसऱ्या बाजूला, बारीक अक्षरात : 'बंदरात सांडू नये.'

ताईने 'बंदरात'वरचा राहिलेला अनुस्वार देण्यासाठी हात पुढे केला, पण तोवर होडी लांब गेली होती.